घरी अभंग रेकॉर्ड करायचेत? माइक घेण्याआधी खोली ऐका

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. त्या स्वतः गातात, यजमान पेटीची साथ करतात, पुतण्या तबला वाजवतो. आषाढीच्या आत सहा अभंग घरीच लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचे आहेत. यूएसबी माइक आणलाय, पण आवाज बाथरूममध्ये गायल्यासारखा येतो. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो, आणि तिघं एकत्र बसले की तबला सगळ्यांवर चढतो. पंचवीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे, तर कोणता माइक घ्यावा?

ताई, तूर्त माइक घेऊ नका. ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्यात घरोघरी जाऊन मी गेली बावीस वर्षं गाणाऱ्यांचं ध्वनिमुद्रण करतोय, आणि तुमच्या तिन्ही तक्रारींत मला माइकचा दोष दिसत नाही. घुमतेय ती खोली, उशीर होतोय तो जोडणीमुळे, आणि तबला चढतोय तो तुम्ही जिथे बसता त्यामुळे. महागडा माइक आणलात तर तो हीच खोली आणखी स्पष्ट ऐकवेल.

आधी एक करून बघा. हॉलमध्ये मधोमध उभ्या राहा, पंखा बंद करा आणि एक खणखणीत टाळी वाजवा. टाळी संपल्यावर ‘टिर्रर्र’ अशी बारीक थरथर ऐकू येते ना? ती समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमधली आवाजाची ये-जा. खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला सरकत्या काचा, वर सपाट स्लॅब. आवाज मुरायला जागाच नाही. आता तीच टाळी बेडरूममध्ये, गादी आणि कपड्यांचं कपाट यांच्या मध्ये उभं राहून वाजवा. ती जागच्या जागी ‘टप्’ होऊन विझेल. तुमची गाण्याची जागा ती.

तिथे कसं बसायचं हेही सांगतो, कारण इथे बहुतेकांचं उलटं होतं. गाण्यासाठी विकले जाणारे यूएसबी माइक सहसा कार्डिऑइड जातीचे असतात, म्हणजे समोरचं जास्त ऐकतात, पाठीमागचं कमी. लोक माइकच्या मागच्या भिंतीला फोम चिकटवतात आणि आपल्या पाठीमागची भिंत उघडी ठेवतात. माइकचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजे तो तुमच्याबरोबर तुमच्या पाठची भिंतही ऐकतोय. गोधडी हवी ती तिथे. कपाटाकडे पाठ करून बसा आणि कपाटाची दारं सताड उघडी टाका. आत सुती साड्या दाटीने लावलेल्या असतील तर त्याच्यासारखं आवाज पिणारं दुसरं काही घरात नाही. कपाट नसेल तर पडद्याच्या दांडीवर दोन जाड गोधड्या टाका, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. भिंतीला चिकटवल्या तर त्यांचा अर्धा उपयोग जातो. बैठकीखाली सतरंजी चार पदरी घाला. तुम्ही जमिनीवर बसून गाणार, त्यामुळे टाइल्सवरून उसळून येणारा आवाज माइकला फार जवळून मिळतो. अंड्यांचे ट्रे लावू नका. त्यांनी आवाज मुरत नाही आणि धूळ मात्र साठते. एक इंची फोमसुद्धा वरचे तीव्र आवाज तेवढे कापतो, खालचा घुमारा तसाच राहतो, आणि मग गळा कोंदट वाटायला लागतो.

दुसरी गोष्ट अंतराची. माइकपासूनचं अंतर निम्मं केलंत की तुमचा थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो, पण खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. दोन फुटांवरून एका फुटावर आलात, मग सहा इंचांवर आलात, तर एक पैसा न घालता बारा डेसिबलची कमाई झाली. बारा डेसिबल म्हणजे बाथरूम आणि बैठक यांच्यातला फरक. फार जवळ, दोन-तीन बोटांवर गेलात तर मात्र अशा माइकमध्ये खर्ज फुगतो आणि आवाज जाड होतो. वीतभर अंतर धरा आणि तार सप्तकात जाताना मान किंचित मागे घ्या, बस.

जवळ आलात की ‘प’ आणि ‘भ’ त्रास देणार. अभंगात ‘पांडुरंग’ आणि ‘भक्ती’ हे शब्द टाळता येत नाहीत, आणि त्या ‘पां’बरोबर सुटलेला वारा माइकच्या पडद्यावर धप्प करून आपटतो. भरतकामाच्या रिंगमध्ये जुन्या पातळ ओढणीचे दोन पदर ताणून बसवा आणि ती रिंग माइकच्या चार बोटं पुढे बांधा. शिवाय माइक ओठांच्या समोर न ठेवता नाकाच्या उंचीवर ठेवून किंचित खाली झुकवा, म्हणजे वारा त्याच्या खालून निघून जाईल. काचेच्या बांगड्या काढून ठेवा. मंगळसूत्र पदराखाली घ्या. अभंगांची वही हातात नको, समोर स्टँडवर असू दे. पान उलटल्याचा आवाज नेमका ध्रुपदाच्या शेवटच्या सुरावर येतो.

आता पंख्याबद्दल, आणि हे मी फार मनापासून सांगतोय. २००९ साली नौपाड्याच्या आमच्या घरी मी वडिलांचा एक अभंग रेकॉर्ड केला. मे महिना, त्यांना उकाडा सोसत नव्हता, म्हणून पंखा एक नंबरवर ठेवला. त्या वेळी मला पंख्याचा वारा तेवढा जाणवला. नंतर ऐकलं तर जवळजवळ संपूर्ण गाण्याखाली एक संथ गुरगुर होती. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कमी वेगावर असा गुरगुरतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुरगुर १०० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत बसते, म्हणजे थेट पुरुषी गळ्याच्या घरात. शेवटच्या कडव्याआधी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, रेकॉर्डिंग चालू राहिलं, वडीलही गात राहिले. पंखा हळूहळू थांबला आणि ‘तुका म्हणे’च्या आधी त्यांनी घेतलेला श्वास, मांडीवर ताल धरलेल्या बोटांचा आवाज, सगळं जसंच्या तसं आलं. पुढच्या वर्षी ते गेले. आधीच्या कडव्यांतली गुरगुर काढायचे सगळे प्रयोग मी केले. दर वेळी गुरगुरीबरोबर गळ्यातली धार जाते आणि पाण्याखालून गायल्यासारखं वाटतं. शेवटची चाळीस सेकंदं तेवढी मला ते समोर बसल्यासारखी ऐकू येतात.

म्हणून पंखा बंद, एसी बंद. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बऱ्याच घरांत निम्मी गुरगुर तिथेच जाते. चार्जरची अर्थिंगची तिसरी पिन मात्र कोणी सांगितलं तरी काढू नका, त्यात जिवाला धोका आहे. फ्रिज बंद करणार असाल तर स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे घराबाहेर पडताना तो चालू करायचं विसरणार नाही.

वेळ कोणती? रात्र शांत असते हे खरं, पण सोसायटीत मध्यरात्री तबला वाजवता येत नाही, आणि पहाटे चारला कोकीळ सुरू होते. माझा अनुभव रविवारी दुपारी दोन ते चारचा. कुकरच्या शिट्ट्या संपलेल्या असतात, बिल्डिंग झोपलेली असते. ठाणे-बेलापूर रोडची घरघर आणि मधूनच जाणारी लोकल राहीलच. लोकल आली की रेकॉर्डिंग बंद करू नका. थांबा, जाऊ द्या, आणि ती ओळ परत गा. तुम्ही आषाढीच्या तोंडाशी हे करणार, म्हणजे पाऊस सुरू झालेला असेल. खिडकीवर पत्रा असेल तर त्यावर आदल्या दिवशी जुना काथ्याचा पायपुसणा किंवा गोणपाट बांधून टाका. पत्र्यावरचा ताशा नाही म्हटलं तरी बराच उतरतो.

हेडफोनमधल्या उशिराचं कारण सोपं आहे. आवाज माइकमधून लॅपटॉपमध्ये जातो, तिथे थोडाथोडा साठवून सॉफ्टवेअरला दिला जातो आणि मग परत हेडफोनमध्ये येतो. त्या साठवणीला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सँपल) घेताना, १०२४ सँपलचा बफर म्हणजे एका खेपेला २१ मिलिसेकंद. जायची आणि यायची खेप धरली की गाणारा गोंधळणारच. १२८ सँपल ठेवले तर एका खेपेला तीनहून कमी. तुलनेसाठी सांगतो, आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण एक फूटभर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा दहा-अकरा फुटांवर बसलेल्या तबलजीसारखा. तबला तेवढा चालून जातो, पण स्वतःचा गळा तेवढ्या उशिरानेही खटकतो. तुमच्या यूएसबी माइकच्या बुडाशी किंवा अंगावर हेडफोनचं भोक आहे का बघा. असेल तर हेडफोन लॅपटॉपऐवजी तिथे लावा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग (स्वतःचा आवाज परत ऐकवणं) बंद करा. आवाज लॅपटॉपपर्यंत न जाता थेट कानात येतो, उशीर संपला. ब्लूटूथ हेडफोन या कामाला अजिबात चालत नाहीत. त्यातल्या बहुतेकांचा स्वतःचा उशीरच शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो.

एवढं करून तुमचा गळा आहे त्याच माइकवर नीट येईल. तरी खरेदी लागणार, पण ती तबल्यासाठी. दोन यूएसबी माइक एका लॅपटॉपला लावायचा मोह होईल, तो टाळा. प्रत्येकाचं आतलं घड्याळ वेगळं असतं, सहा मिनिटांच्या अभंगात ते एकमेकांपासून सरकतात, आणि विंडोजवर बहुतेक सॉफ्टवेअर दोन्ही एकदम घेतच नाहीत. घ्यायचा तो दोन माइक इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे साधे माइक लॅपटॉपला जोडणारी डबी. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेतला किंवा त्या तोडीचा दुसरा कोणताही. बजेटचा मोठा वाटा त्याच्यावर जाऊ द्या. तुमचा यूएसबी माइक त्याला जोडता येत नाही, म्हणून गळ्यासाठी माझी निवड साध्या डायनॅमिक माइकची. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे आणि आजही स्टेजवर तोच दिसतो. अगदी जवळून वापरायला केलेला असल्यामुळे खोली कमी पकडतो. कंडेन्सर माइक बारकावे जास्त देतो, पण त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते आणि शेजारच्यांची टीव्ही मालिकासुद्धा तो बारकाव्याने देतो. दुसरा माइक सुरुवातीला भजनी मंडळाकडून दोन दिवसांसाठी मागून आणा. त्यांच्याकडे असतोच. बंद कपांचे दोन साधे हेडफोन, एकाचे दोन करणारा स्प्लिटर आणि दहा मीटरची एक केबल मात्र हवीच, का ते आता सांगतो.

तिघांनी हॉलमध्ये एकत्र बसून रेकॉर्ड करू नका. दोन इनपुटांत तीन माणसं मावत नाहीत आणि तबला तुमच्या माइकमध्ये घुसला की तो नंतर काढता येत नाही. बहुतेक जण सांगतील की आधी पेटी घ्या, मग तबला, शेवटी गळा. मला हे अभंगासाठी पटत नाही. पेटीची साथ गळ्याच्या मागून चालते. गाणाऱ्याने जागा घेतली की पेटी ती जागा भरते. ती आधीच वाजून ठेवली तर गाणारा पेटीच्या मागे धावतो. लय मात्र गळा आणि तबला मिळून एकाच वेळी ठरवतात, ती नंतर चिकटवता येत नाही. म्हणून पुतण्याला तबला घेऊन हॉलमध्ये बसवा, तुम्ही बेडरूममध्ये कपाटाकडे पाठ करून, दार बंद, दाराखालून ती दहा मीटरची केबल आणि एक हेडफोनची वायर. दोघांच्या कानात दोघंही आणि खाली बारीक तानपुरा. यजमान लॅपटॉपपाशी बसून रेकॉर्डिंग सांभाळतील. पेटी दुसऱ्या दिवशी, तुमचा गळा ऐकत. मेट्रोनोम (लयीची यांत्रिक टिकटिक) लावू नका; शेवटच्या ‘विठ्ठल विठ्ठल’ला लय जशी चढायची तशी चढू द्या.

पेटी नंतर येणार, म्हणून एक काम सगळ्यात आधी करायचं, आणि ते विसरलात तर सहाही अभंग परत गावे लागतील. तानपुरा ॲप पेटीशी मिळवा. ॲप सहसा ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापाने काळी चार (तुमची पट्टी) देतं, पण जुन्या पेट्या त्याच्या जरा वर नाहीतर खाली बोलतात आणि पेटी काही लगेच लावून मिळत नाही. यजमानांना काळी चारचा षड्ज धरून ठेवायला सांगा, फक्त एक सूर, कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी दाबणारी सोय) बंद, आणि ॲपमधला बारीक सुरावटीचा काटा हळूहळू सरकवा. दोन्ही सुरांत ‘वँव-वँव’ अशी लाट ऐकू येईल. ती संथ होत होत थांबली की जुळलं. तो आकडा वहीत लिहून ठेवा. तबलाही त्याच षड्जावर लावायचा, आणि खोलीत आणून अर्धा तास झाल्यावर. पावसाळी हवेत चामडं सैलावतं, सूर उतरतो. एसीच्या खोलीतून आणलेला तबला तर डोळ्यांदेखत बदलतो.

एकच माइक असेल तर तो तबला आणि डग्ग्याच्या मधोमध, सव्वा फूट उंच, वाजवणाऱ्याच्या समोरून. मग ऐकून तोंड इकडे-तिकडे करा: चाटीचा (तबल्याच्या कडेचा) ‘ना’ टोचत असेल तर डग्ग्याकडे, घुमारा जास्त वाटला तर तबल्याकडे. हॉल चौरस असेल तर डग्गा बरोबर मध्यावर ठेवू नका, समोरासमोरच्या दोन्ही जोड भिंतींचं अंतर सारखं असल्यामुळे खर्जातले ठरावीक सूर तिथे विचित्र वागतात. तीन फूट सरकलात तरी फरक ऐकू येतो. पेटीला माइक दीड-दोन फुटांवर, उजव्या अंगाने, पट्ट्यांच्या वरून. भात्याच्या बाजूने लावलात तर सुरांआधी हवा ऐकू येते. पट्ट्यांवर अगदी जवळ आणलात तर बोटांची टकटक. खर्जाचे स्वर लहान खोलीत फार फुगतात, म्हणून मी शक्यतो नुसता नर, म्हणजे पेटीतला मधल्या सप्तकाचा सूर, ठेवायला सांगतो. टाळ घालायचे असतील तर सगळ्यात शेवटी, माइकपासून सहा फूट लांब उभं राहून.

सॉफ्टवेअरमध्ये रीपर घ्या. साठ दिवस पूर्ण चालतं, तोवर तुमचे सहा अभंग होतील, पुढे परवाना घ्या. इंटरफेस कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर उशीर कमी ठेवणारं जोडणीचं सॉफ्टवेअर) टाका, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात जोरात येणारी तारेची ओळ गाऊन पातळी लावा. काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास गेला की पुरे. लाल दिव्यापर्यंत न्यायची सवय टेपच्या काळातली आहे, २४ बिटात तिची गरज नाही, आणि फाटलेला सूर परत शिवता येत नाही. सुरुवातीला दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा. जागेची काळजी नको: एका ट्रॅकला मिनिटाला नऊ एमबीसुद्धा लागत नाहीत. पण रोज रात्री उठायच्या आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवायचं.

मिक्सिंगचं थोडक्यात. गळ्याचा ट्रॅक १०० हर्ट्झच्या खाली कापा. काळी चारचा तुमचा षड्ज २०८ हर्ट्झला आणि मंद्र पंचम १५६ला, म्हणजे गाण्याला धक्का लागत नाही आणि ठाणे-बेलापूर रोडचे ट्रक जातात. डग्ग्याला तिथे हात लावू नका. कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणं) हलकं, दोनास एक. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) थोडा, आणि तो तिघांना एकाच खोलीतला द्या म्हणजे तिघं एकत्र बसल्यासारखे वाटतील. सूर आपोआप दुरुस्त करणारं साधन वापरू नका. ते मिंडेला (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला) चूक समजतं आणि पायऱ्या पाडतं.

या रविवारी खरेदीला न जाता एवढं करा: एकाच अभंगाचं ध्रुपद घरात पाच जागी बसून फोनवर रेकॉर्ड करा. हॉलच्या मधोमध, हॉलच्या कोपऱ्यात, बेडरूममध्ये कपाट बंद ठेवून, कपाट उघडून, आणि कपाट उघडून पाठीशी गोधडी घेऊन. फोन दर वेळी वीतभर लांब. पाचही तुकडे मला पाठवा. ते ऐकून माइक कोणता, आणि लागतो तरी का, ते सांगतो.